मदत हवी आहे: तापमानवाढीच्या अंदाजात ढग नेमके कुठं घोळ घालतात?

नमस्कार मंडळी. भाचा अकरावी सायन्सला आहे. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं तापमानवाढ हा विषय घेतलाय आणि तक्त्याचं काम मामाच्या गळ्यात मारलंय. मी पडलो कॉमर्सवाला. एका जागी गाडी अडलीय.

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? १९७९ च्या चार्नी अहवालात (अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा) उत्तर १.५ ते ४.५ अंश. २०१३ च्या आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या अहवालात पुन्हा तेच! २०२१ ला कुठं २.५ ते ४ वर आलं. कारण विचारलं की जो तो ढगांकडं बोट दाखवतो. ढग ऊन अडवतात, मग तापवतात कसे? आणि एवढ्या महासंगणकांना ढग का जमत नाहीत? त्यात शेजारचे काका म्हणतात, "शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही, मग घाबरायचं कशाला?" त्यांना काय सांगू?

– रंकाळावेस

पन्हाळकर: ढग दोन्ही करतात. खालचे जाड पांढरे ढग ऊन परतवून लावतात. खूप उंचावरचे सिरस ढग बर्फकणांचे; ते ऊन बरंचसं खाली सोडतात, पण जमिनीकडून वर निघालेली उष्णता अडवतात. डिसेंबरात रात्री आभाळ भरलं की थंडी पळते, ती अशीच. आज सगळ्या ढगांची गोळाबेरीज थंडाव्याकडं झुकते, चौरस मीटरला सुमारे २० वॅट. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यानं पडणारा जादा उष्णतेचा भार ४ वॅटच्या आसपास. म्हणजे ढग जरासे जरी बदलले तरी हिशेब हलतो. पृथ्वी तापल्यावर हे ढग कसे बदलतील, खरा वाद तिथं आहे.

आता संगणक. हवामानाचं मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेला पृथ्वीच्या हवेचा हिशेब, हवेचे चौकोन पाडतं, बऱ्याच मॉडेलांत एक बाजू १०० किलोमीटरच्या घरात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा गगनबावडा आणि पूर्वेचा शिरोळ एकाच चौकोनात बसतील बघा! जुलैत गगनबावड्याला आठवडाभर कपडे वाळत नाहीत आणि शिरोळात ढग नुसते डोक्यावरनं जातात. चौकोनाला मात्र एकच सरासरी. त्यामुळं आतले ढग सूत्रांनी अंदाजानं भरावे लागतात, आणि प्रत्येक गटाची सूत्रं वेगळी. अलीकडच्या मॉडेलांची उत्तरं १.८ पासून ५.६ अंशांपर्यंत पसरलीत, त्यात ढगांचा वाटा सगळ्यात मोठा.

रंकाळावेस: भारीच! गगनबावडा-शिरोळचा नकाशा तक्त्यावर घेतोच. पण काका?

उसाचाफड: काकांना विचार भावा, पुरात पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीवर थांबणार की ४७ ला जाणार हे कळेपर्यंत नदीकाठच्या प्रयाग चिखलीची माणसं जनावरं दावणीलाच ठेवतात का? अंदाजाच्या खालच्या टोकाला शून्य नाही, अडीच अंश आहे. तेवढंही लई झालं. शिवाय चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते, काका फक्त सोयीची बाजू धरतात.

पन्हाळकर: बरोबर. आणि ढगांचं काहीच कळलेलं नाही असंही नाही. कॅलिफोर्निया, पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्रावर खालच्या ढगांचे मोठे पट्टे असतात. पाणी तापलं की ते विरळ होतात आणि ऊन थेट समुद्रात मुरतं. एकूण ढग तापमानवाढीला हातभारच लावतील, असं २०२१ चा अहवाल बऱ्याच खात्रीनं म्हणतो. किती, एवढंच बाकी आहे. तक्त्यावर खालचा आणि उंचावरचा असे दोन ढग काढा, उन्हाचे आणि उष्णतेचे बाण मात्र वेगळ्या रंगांचे. परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारतात.