मदत हवी आहे: घरच्या धावपळीत देवाला पहिले स्थान कसे द्यावे?

सर्वांना सप्रेम नमस्कार. आम्ही वसईचे कॅथलिक. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, पाळीच्या नोकरीवर जाणारे यजमान आणि दोन शाळकरी मुले आहेत. रविवारी सकाळी मुलाचा क्रिकेटचा सराव आणि सासूबाईंची अंघोळ, औषधे नेमकी मिस्साच्याच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्याच, वेळी येतात, त्यामुळे चर्चला जाणे हे उरलेल्या वेळेचे काम होऊन बसले आहे आणि तीच गोष्ट मनाला खुपते.

आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याला रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट मिळते आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानेही ते बंधन पूर्ण होते, हे मला ठाऊक आहे. परंतु क्रिकेट हे काही गंभीर कारण नव्हे, आणि तो सराव बंद करावा तर मुलाच्या मनात देवाविषयी अढी बसेल, अशी भीती वाटते. रात्रीच्या रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, गतही फारशी वेगळी नाही: तिसऱ्या रहस्यापर्यंत (रहस्य म्हणजे रोझरीचा एक भाग) धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली असते, आणि माझे एक बोट मण्यावर तर कान कुकरच्या शिट्टीकडे असतो.

ज्यांच्या घरी पाळीची नोकरी आणि आजारपण दोन्ही आहेत, त्यांनी प्रार्थनेची वेळ कोणती ठरवली आणि ती कशी टिकवली? मुलांसोबत रोज एकच रहस्य म्हणावे का? प्रशिक्षकांशी वेळ बदलण्याविषयी कोणी बोलले असल्यास तो अनुभवही कृपया सविस्तर लिहावा.