औषध कंपनीची नोकरी सोडून शेतकरी कंपनीत जाऊ का? पगार निम्मा होतोय

काळी_माती
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. बीएस्सी ॲग्री केलंय, तीन वर्षं झाली एका कीटकनाशक कंपनीत सेल्सला आहे, यवतमाळ जिल्ह्यातले दोन तालुके माझ्याकडे. पगार, इन्सेंटिव्ह, पेट्रोल सगळं धरून महिन्याला ४८ हजारांच्या आसपास पडतात. घरी चार एकर कोरडवाहू, बहिणीच्या लग्नाचं कर्ज सव्वादोन लाख अजून बाकी.

पंधरा दिवसांपूर्वी एका दुकानात उभा होतो. एक काका रुमालात कपाशीची पानं आणि फुलं बांधून घेऊन आले. मी तीन पानं उलटून बघितली, सगळी मिळून तुडतुडा एकच, फुलांत डोमकळी (बोंडअळीनं आतून गुंडाळलेलं फूल) एकही नाही. फवारायची गरजच नव्हती. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं कारण त्याच्याकडे पडून असलेला माल माझाच होता, आणि मी बोलून गेलो, "काका, आत्ताच मारून घ्या, पुढे धोका नको." काकांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून दोनदा मोजल्या. बाटली लाल त्रिकोणाची होती, म्हणजे सगळ्यात जहाल विषाच्या गटातली. २०१७ ला मी बारावीत असताना आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते दिवस मी विसरलेलो नाही आणि तरी माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं.

आता शेजारच्या तालुक्यातल्या एका एफपीओत (शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेली शेतकरी उत्पादक कंपनी) सीईओ म्हणून बोलावलंय, २५ हजार देतायत. बाबा म्हणतात औषध तर शेतकऱ्याला लागतंच, तू काय दारू विकतोस का. काय करू?

शिवार_७२
भाऊ, मी १९ वर्षं कंपन्यांत काढली, आता स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे. तुझ्या बाबांचं खोटं नाही. थ्रिप्स (फुलकिडे) हाताबाहेर गेले की निंबोळी अर्कावर भागत नाही, वेळेवर योग्य औषध सांगणारा माणूस शेतकऱ्याचं पीक वाचवतो. गडबड औषधात नाही, टार्गेट लिटरमध्ये असतं त्यात आहे. कीड कमी असलेल्या वर्षीसुद्धा आकडा मागच्या वर्षापेक्षा वाढवूनच येतो, मग दुकानात माल कोंबायचा आणि तो खपवायला दुकानदाराशेजारी उभं राहायचं.

मी एक केलं होतं ते तू करून बघ. खिशात छोटी डायरी ठेव आणि स्वतःच्या बापाच्या वावरात जे मारायला सांगितलं नसतं ते दुसऱ्याला सांगितलंस की तारीख टाकून लिही, फक्त तेवढंच. माझी एका हंगामात ३१ पानं भरली होती. त्याआधी मला वाटायचं कधीतरी होतं एखाद्या वेळी. ती डायरी घेऊन मी साहेबांशी बोललो, दोन महिन्यांत माझी टेरिटरी बदलली. मग सोडलं. आता दुकानात खताबरोबर दुसरं काही गळ्यात मारत नाही, लिंकिंगवाला माल, म्हणजे खत हवं तर हेही घ्या म्हणून कंपनी लादते तो, आला की परत पाठवतो, त्यामुळे कधीकधी डीएपी मिळतच नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. ते सोसायची तयारी लागते.

तुरीची_शेंग
दादा, मी मराठवाड्यात एका एफपीओची पाच वर्षं सीईओ आहे. जायच्या आधी एकच विचारा, कंपनीचं कितवं वर्ष चालू आहे? २०२० च्या केंद्राच्या १० हजार एफपीओंच्या योजनेतली असेल तर व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत मिळते आणि सीईओचा पगार त्यातूनच निघतो. ती संपली की पगार धंद्यातून काढावा लागतो. आमच्याकडे चौथ्या वर्षी मला सात महिने अर्धाच पगार मिळाला, घरी नवऱ्याची नोकरी होती म्हणून निभावलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. एफपीओसुद्धा औषधांचं दुकान चालवते हो! आमच्याकडे तुमच्यासारखीच मुलं येतात, स्कीम घेऊन. दुसऱ्या वर्षी एक टॉनिक आलं, मार्जिन भरपूर होतं, संचालक म्हणाले ठेवा, कंपनी उभी राहील. मी म्हटलं कपाशीत त्याचा फरक दाखवा मग ठेवते. दोन ओळी निम्म्या-निम्म्या करून आमच्याच एका सभासदाच्या शेतात लावून बघितलं, वेचणीला काहीच फरक नाही. मग बैठकीत ठराव लिहून घेतला की गरज नसताना औषध सुचवायचं नाही आणि दुकानातल्या मुलाला विक्रीवर कमिशन द्यायचं नाही. तो ठराव नसता तर पुढच्या वर्षी मीच ते टॉनिक विकलं असतं, पगार थकल्यावर माणूस काय काय करतो ते मी स्वतःवरून सांगते. तर तुम्ही रुजू व्हायच्या आधीच असा ठराव मागा. कां-कूं केलं तर समजा.

आठ_एकर
मी त्या काकांच्याच जागचा शेतकरी आहे म्हणून लिहितो. आम्ही दुकानात का विचारतो तर दुसरं विचारायचं कोणाला, कृषी सहायकाकडे इतकी गावं की तो हंगामात एकदा दिसला तरी बरं. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री आले तरच बोंडअळीसाठी फवारा, हे मला कृषी विज्ञान केंद्राच्या एका पोरानं बांधावर बसून शिकवलं, त्यानं माझ्या दोन फवारण्या वाचवल्या. पगार किती ते तुमचं तुम्ही बघा. पण त्या काकांकडे परत गेलात का?

काळी_माती
आठ_एकर भाऊ, तुमचं वाचून काल गेलो. काकांनी मारलं होतं, एकदा नाही दोनदा, तोंडाला नुसता गमछा बांधून. पंप धुऊन अंगणात उलटा घातला होता. मी सरळ सांगितलं की काका, त्या दिवशी गरज नव्हती, मी चुकीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंग तवाच काहून नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. चहा मात्र त्यांनी पाजला.

ताई, विचारलं. दुसरं वर्ष संपत आलंय, म्हणजे मदतीचं एकच वर्ष उरलं. दिवाळीपर्यंत थांबून इन्सेंटिव्ह घेऊन कर्ज उतरवायचं असं डोक्यात होतं, पण तो इन्सेंटिव्ह अशाच बाटल्यांचा येणार. त्याऐवजी बँकेत हप्ता लहान करून मिळतो का ते विचारून आलो, मुदत वाढवली तर होईल म्हणाले. बाबा अजून बोलत नाहीयेत नीट. रविवारी एफपीओच्या संचालकांना भेटतोय, ठरावाचा कागद लिहून नेतोय. काकांच्या वावरात दोन सापळे लावून आलो आहे, सकाळी आधी तिथे पतंग मोजणार आणि मग मीटिंगला.