हवाई दलाची हेलिकॉप्टर पुढाऱ्यांना कशाला? या कालच्या पोस्टला उत्तर

होटगी रोडकर: काल इथं एकानं लिहिलं की हवाई दलानं पुढाऱ्यांची टॅक्सी चालवणं बंद करावं, दिल्लीतल्या पालम तळावरची व्हीआयपींना नेणारी स्क्वाड्रन (हवाई दलाची तुकडी) मोडावी आणि हेलिकॉप्टर भाड्यानं घ्यावीत. मी हवाई दलात एमआय-१७ हेलिकॉप्टरवर ग्राउंड क्रूमध्ये उमेदीची वर्षं घालवलीत, वाचून झोप लागली नाही. पालमची ती स्क्वाड्रन राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधानांसाठी आहे, प्रचारात गावोगावी उतरतात ती बहुतेक भाड्याची. आणि अपघात बघा: २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी गेले ते राज्य सरकारच्या बेल ४३० हेलिकॉप्टरमधून, २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू गेले ते पवनहंस कंपनीच्या, २०१७ ला इकडं लातूरच्या निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीस वाचले तेही राज्य सरकारचंच. यातलं एक तरी हवाई दलाचं होतं का?

अक्कलकोट नाका: आणि तमिळनाडूतलं कुन्नूर? ८ डिसेंबर २०२१. संरक्षण दल प्रमुख जनरल रावत, त्यांच्या पत्नी, एकूण १४ जीव. हेलिकॉप्टर तुमचंच, एमआय-१७ व्ही५.

होटगी रोडकर: विसरलो नाही. अचानक हवा बदलली, ढगात शिरले, पायलटला दिशेचं भान राहिलं नाही, चौकशीत हेच आलं. म्हणून तर म्हणतो, मागं कोण का बसलेलं असेना, हवा खराब असली तर 'नाही' म्हणायची ताकद पायलटला पाहिजे. वर्दीवाल्याला ती असते. भाड्याच्या पायलटला उद्याची नोकरी दिसते.

सीनाकाठ: माझं दुखणं वेगळं आहे मालक. पुढाऱ्याच्या सभेसाठी माझ्या मामाच्या रानात हेलिपॅड केलं, हुरड्याला आलेली ज्वारी कापून. काळी जमीन, मुरूम टाकून रोलर फिरवला, आदल्या दिवशी तालीम म्हणून हेलिकॉप्टर उतरवलं, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं. शेजारच्या पट्ट्यातली ज्वारीपण वाऱ्यानं आडवी झाली. पंचनामा झाला, पैसे आजतागायत नाहीत. मुरूम अजून नांगराला लागतो.

जुळे सोलापूर: मग सोलापूरच्या विमानतळावर उतरवा की बे, गावात विमानतळ असताना रानं कशाला तुडवता? विमानांना आडवी येणारी साखर कारखान्याची चिमणी लवकर पाडली असती तर हे सगळं कधीच मिटलं असतं.

सीनाकाठ: चिमणीचं नाव काढू नका! सिद्धेश्वर कारखान्याचा सभासद आहे मी. १५ जून २०२३ ला पाडली, त्या दिवशी घरात चूल पेटली नाही आमच्या. आणि गोव्याचं विमान उडालं कधी? ९ जून २०२५ ला. दोन वर्षं कशाची घाई होती सांगा.

जुळे सोलापूर: त्या चिमणीपायी विमान नाही, म्हणून नोकऱ्या नाहीत, पोरं पुण्याला गेली ती परत आली नाहीत, माझा पोरगा त्यातलाच. तुमचा ऊस मोठा की गाव मोठं?

सीनाकाठ: ऊस म्हणजेच गाव आहे! विमानतळ पाहिजे होता तर बोरामणीला जमिनी घेतल्यात, तिथं करायचा.

अक्कलकोट नाका: बोरामणीवर वेगळा धागा काढा. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरचा मूळ प्रश्न तसाच आहे. आचारसंहितेत बाकी कुणालाच सरकारी विमान चालत नाही, पंतप्रधानांना चालतं. पक्ष पैसे भरतो, मान्य. पण मंचामागं लष्करी रंगाचं हेलिकॉप्टर उभं राहतं, त्याचं भाडं कसं लावणार?

होटगी रोडकर: ते मलाही खटकतं. पण उपाय स्क्वाड्रन मोडणं नाही. याच कामासाठी ऑगस्टा वेस्टलँड कंपनीची १२ हेलिकॉप्टर घेणार होतो, लाचेच्या प्रकरणात २०१४ च्या १ जानेवारीला करार रद्द झाला, तेव्हापासून हा भार एमआय-१७ वरच आहे.

सीनाकाठ: भार म्हणता? गेल्या सप्टेंबरात सीना घरात शिरली, आम्ही रात्रभर पत्र्यावर, हेलिकॉप्टर येणार म्हणून सांगितलं, सकाळी होडी आली. सभेला मात्र मिनिटाला मिनिट.

होटगी रोडकर: पावसाळी रात्री डोंगर-तारा दिसत नाहीत, तेव्हा उडवणं म्हणजे पुन्हा कुन्नूर. पण दिवस उजाडल्यावर का आलं नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. आणि ज्वारीचं म्हणाल तर १३ टनांचं धूड उतरतं, पिकं झोपणारच हे आधीच माहीत असतं. भरपाई हेलिपॅडच्या खर्चातच धरून शेतकऱ्याला आदल्या दिवशी द्यायला पाहिजे. पंचनाम्याची प्रत आहे का मामांकडं?

सीनाकाठ: आहे. ट्रंकेत, सातबाऱ्यासोबत.

होटगी रोडकर: सोमवारी घेऊन या. कलेक्टर कचेरीत मी येतो सोबत.