मदत हवी आहे : आईच्या तोलाच्या व्यायामासाठी, नागपूरच्या प्रतापनगर-त्रिमूर्तीनगर भागात

आई ७४ वर्षांची. मागच्या महिन्यात तुळशीला पाणी घालून वळली आणि तोल गेला. हाड वाचलं, पण धीर खचला. आता घरातही भिंत धरून चालते. बीपी, डोळे, गोळ्या सगळं तपासून झालं. फिजिओथेरपिस्टने ३० सेकंदांत हात न टेकवता खुर्चीवरून किती वेळा उठते ते मोजलं. सहा! या वयाच्या बाईला दहाच्या खाली म्हणजे कमीच, म्हणाले.

आईचं म्हणणं, "मी रोज फिरते ना, अजून काय पाहिजे?" पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही, पायांत ताकदही लागते. ओटा धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं सांगितलंय. मी ऑफिसला गेलो की सगळं बंद. (बाबा मोजायला बसतात आणि दोघं भांडतात.)

न्यूझीलंडचा 'ओटागो' हा वयस्कर माणसं पडू नयेत म्हणून असलेला ताकद-तोलाचा व्यायामक्रम घरी येऊन शिकवणारं कोणी आहे का? त्यात घोट्याला वजनं बांधतात, ती अर्ध्या किलोची सीताबर्डीत मिळतील का? वेळ सकाळी आठच्या आत हवी, नंतर आपलं ऊन माहीतच आहे. स्वतःच्या आईवडिलांचा अनुभव असेल तर आधी तो सांगा.