मदत हवी आहे: मुलगा मैदानावर दहा मिनिटांत खाली बसतो

कोरा_कागद (धागाकर्ता)
मुलगा अजिबात हलत नाही. शाळेतून आला की पलंग आणि मोबाइल. संध्याकाळी ढकलून खाली पाठवलं तर दहा मिनिटांत कट्ट्यावर बसलेला दिसतो. आजार काही नाही, निव्वळ आळस. दिवसाला एक तास व्यायाम हवा असं जो तो सांगतो, पण तो तास भरायचा कसा ते कोणी सांगत नाही. मला रोजचं वेळापत्रक हवंय, मिनिटांसकट. ‘प्रेमाने समजवा’ छापाचे सल्ले नकोत, ते करून झालं.

अर्धविराम
वय?

पाणकोंबडा
वय, उंची, वजन, आणि शाळेत जातो कसा, चालत की गाडीने? आठ वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला एकच वेळापत्रक लावता येत नाही.

हिशेबनीस
वय येईपर्यंत तासाचा हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वयाला आठवड्याच्या सरासरीने दिवसाला ६० मिनिटं, मध्यम ते जोरदार हालचाल. आठवड्यातून किमान ३ दिवस चांगलाच दम लागेल असं आणि स्नायू-हाडांवर ताण येईल असं काहीतरी. सलग तास नको, तुकडे चालतात. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. नाडी मोजत बसू नका, ‘२२० वजा वय’ हे सूत्र मुलांना नीट लागू पडत नाही.

ठोकताळा
सरासरी कुठून आली? रोज किमान ६० मिनिटं. ताई, अशा सवलती दिल्यात तर तो रविवारीच सगळं उरकेल.

हिशेबनीस
‘रोज किमान’ हे २०१० चं वाक्य. ज्या अभ्यासांवर ते बेतलं होतं त्यांत मुळात दिवसांची सरासरीच मोजलेली होती, म्हणून २०२० ला शब्द बदलला. एखादा दिवस कोरा गेला म्हणून आठवडा बुडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

टिकटिक
हातात पावलं मोजणारा पट्टा बांधा. पावलं दिसायला लागली की मुलं आपण होऊन चालतात. दहा हजारांचं लक्ष्य ठेवा, विषय संपला.

पाणकोंबडा
सायकल चालवताना मनगट हँडलवर असतं, पावलं पडतच नाहीत. उलट पलंगावर लोळत हात हलवला की पडतात. पोरांना ही युक्ती पहिल्याच आठवड्यात सापडते.

कोरा_कागद
वय १३. यंदा अचानक उंच झालाय, सहा महिन्यांत दोनदा पँटी बदलल्या. वजन बेताचं. शाळेत बसने. पट्टा आहे, खणात पडलाय. (आणि ताई नाही, मी बाप आहे.) वेळापत्रक देतंय का कोणी? सध्या मीच गच्चीवर रोज २०० दोरीउड्या लावल्यात. तीन आठवडे झाले, पन्नासच्या पुढे जात नाही. नाटकं करतो.

अर्धविराम
थांबा. नाटकं म्हणजे नेमकं काय करतो? नुसता दम लागून थांबला आणि दोन-तीन मिनिटांत पूर्ववत झाला, तर सवय नाही एवढंच. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर व्यायामाने होणारा दमा तपासायचा. चेहरा फिका आणि दिवसभर थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला तर सगळं बंद आणि थेट डॉक्टर. की कुठे धरून बसतो?

कोरा_कागद
गुडघा धरतो. वाटीच्या खाली. सूज नाही, हाडाचं टेंगूळ आहे एक, ते पहिल्यापासूनच असणार. जिना उतरताना कठडा धरतो. मुद्दाम सांगण्यासारखं वाटलं नाही.

सांधेजोड
हेच आधी सांगायचं होतं.

वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा आहे तो बोटाने दाबा. नेमकं तिथेच दुखलं तर बहुधा ऑसगुड-श्लाटर. नाव भारदस्त आहे, प्रकार साधा. मांडीच्या पुढच्या स्नायूचा पट्टा वाटीवरून येऊन नडगीला जिथे चिकटतो, तिथे या वयात पक्कं हाड नसतं, वाढीची कूर्चा म्हणजे मऊ, अजून हाड न झालेला भाग असतो. उंची झपाट्याने वाढताना हाड पुढे पळतं, स्नायू मागे राहतो, आणि ताणलेला पट्टा त्या कूर्चेला ओढत राहतो. उडी मारताना एक हिसका, खाली येताना दुसरा. तुम्ही रोज २०० उड्या लावल्यात, त्याही गच्चीच्या कोब्यावर. टेंगूळ पहिल्यापासूनचं नसावं, या ओढाताणीतूनच ते वर येतं. वाढ पूर्ण झाली की दुखणं सहसा जातं, टेंगूळ राहू शकतं.

तरीही अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि सगळे गुडघाच बघत बसतात. त्याला उताणं झोपवून गुडघा हळूच छातीकडे न्या. पाय आपोआप बाहेरच्या बाजूला वळत असेल, किंवा तो लंगडत असेल, तर त्याला चालवू नका, त्याच दिवशी दाखवा. मांडीच्या हाडाचा गोळा सरकलेला असू शकतो. वजन जास्त असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, पण बेताच्या वजनातही होतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, अख्खा सांधा सुजणं, किंवा उडी मारताना कट्कन आवाज होऊन पाय सरळ उचलता न येणं, यांतलं काही असलं तरी लगेच.

ठोकताळा
म्हणजे महिनाभर पूर्ण विश्रांती.

सांधेजोड
नाही! पलंगावर ठेवलात तर मांडी आणखी कमजोर होणार आणि परत सुरू केलं की पहिले पाढे पंचावन्न. दुखण्याला ० ते १० गुण त्यालाच देऊ द्या. ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. वाढलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. दुखलं की बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं.

दूरदृष्टी
मुलं रोज दोनेक तास बाहेर उजेडात राहिली तर चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. यात काम उजेडाचं आहे, व्यायामाचं नाही. बाहेर बसून नुसत्या गप्पा मारल्या तरी चालतं. लागलेला नंबर मात्र त्याने उतरत नाही.

पाणकोंबडा
चष्म्याचं कोणी विचारलंय?

दूरदृष्टी
मोबाइलचं लिहिलंय ना वर.

शिट्टी
शाळेचा तास कोणीच धरला नाही. ४० मिनिटांच्या खेळाच्या तासात हजेरी, रांगा आणि संघ पाडण्यात १० मिनिटं जातात. मग तीस मुलांत एक चेंडू. मोजून बघा, एकेका मुलाच्या वाट्याला पळणं किती येतं ते. वर ‘बाद झालास, बाहेर बस’ हा नियम, म्हणजे ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज तोच पहिला बसतो. तीन-तीनचे संघ, चार-पाच चेंडू, छोटी मैदानं. शिवाशिवीत पकडला गेला तर रेषेपर्यंत चालत जाऊन परत खेळात. एवढ्यावर त्याच ४० मिनिटांतली हालचाल कितीतरी वाढते. २०१६ च्या आकड्यांनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींना दिवसाची ती ६० मिनिटं मिळत नव्हती, आणि मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा वाईट. सगळी पोरं एकाच वेळी आळशी निघाली असं म्हणायचं का?

कोरा_कागद
शाळेचं नंतर बघू. वेळापत्रक.

अर्धविराम
घ्या. डॉक्टरांनी खुबा ठीक आहे म्हटल्यावरच सुरू करा.

पहिले चार आठवडे दोरी बंद, पळणं बंद, गुडघ्यांवर बसणंही बंद. सायकल २० मिनिटं, सपाट रस्ता, हलका गिअर. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सगळ्यात खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि त्याच पट्ट्यावर ताण येतो. बहुतेक मुलं सीट खालीच ठेवतात, पाय टेकायला बरं म्हणून. शिवाय बस एक थांबा आधी सोडून १० मिनिटं चालणं, जाताना आणि येताना. झाली ४० मिनिटं, पहिल्या महिन्याला पुरेत. पोहायची सोय असेल तर उत्तमच, फक्त बेडकासारखी लाथ नको.

एक दिवसाआड भिंतीला पाठ टेकून थोडंसंच खाली बसणं, पूर्ण खुर्ची नाही. ३० सेकंद धरायचं, ५ वेळा, मध्ये एक मिनिट. उताणं झोपून कंबर उचलणं १० चे २ संच. टेबलाच्या कडेवर हात टेकून जोर ८ ते १२.

मग पळणं १ मिनिट, चालणं २ मिनिटं, असं ६ वेळा, तेही एक दिवसाआड. दोन आठवडे हे न कुरकुरता झालं तरच दोरी. २० उड्या, ३ वेळा, रबरी चटईवर, पाय जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच उचलायचे. दोरीच्या मध्यावर उभं राहिलं की मुठी काखेपर्यंत याव्यात.

ठोकताळा
१३ व्या वर्षी जोर आणि वजनं? उंची खुंटेल.

सांधेजोड
खुंटत नाही. वाढीच्या कूर्चेला इजा होते ती चुकीच्या पद्धतीने किंवा झेपणार नाही इतकं वजन उचलल्याने. स्वतःच्या शरीराचं वजन, ८ ते १५ आवर्तनं, मध्ये एक दिवस सुट्टी, यात धोका नाही. टेबलावरच्या जोराला घाबरता आणि कोब्यावरच्या २०० उड्या चालतात?

ठोकताळा
उड्या मी नाही सांगितल्या.

कोरा_कागद
बोट ठेवून दाबलं. डाव्या पायाला जोरात ओरडला, उजव्याला थोडंसं. म्हणाला, ‘तुम्हाला सांगितलं होतं.’ उताणं झोपवूनही पाहिलं, पाय सरळ वर येतो, बाहेर वळत नाही. उद्या सकाळची वेळ घेतलीय. दोरी माळ्यावर टाकली.

सायकलची सीट बघितली, पेडल खाली असतानाही गुडघा चांगलाच वाकलेला राहतो. सीटचा दांडा वर ओढताना त्यावर एक आडवी रेघ दिसतेय. तिच्यावर न्यायचा की नाही?

पाणकोंबडा
ती रेघ बाहेर दिसता कामा नये. तिच्यावर गेला तर दांडा मोडतो. तरीही उंची कमी पडली तर सायकल लहान झाली समजा, लांब दांडा बसतो का ते दुकानात विचारा.

टिकटिक
मग पट्टा खणातून काढलात का?