पेलेट स्टोव्हची राख काढूनही काच काळी पडते

प्रश्न
आमच्या पेलेट स्टोव्हचा (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणाऱ्या शेगडीचा) राखेचा कप्पा मी नियमित रिकामा करतो. तरीही अलीकडे ज्योत उंच, नारिंगी आणि मंद दिसते, काच एका दिवसात काळवंडते आणि बर्न पॉटच्या (पेलेट जळतात त्या छिद्रे असलेल्या भांड्याच्या) तळाशी दगडासारखा थर धरतो. सफाईत काय राहून जात असावे? काढलेली राख लगेच कचऱ्यात टाकावी का?

उत्तर १
अशी ज्योत म्हणजे ज्वलनाला हवा कमी पडत असल्याची खूण. कप्पा कितीही स्वच्छ असला तरी बर्न पॉटची छिद्रे बुजली की पेलेट अर्धवट जळतात आणि काजळी धरते. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर पॉट बाहेर काढून थर खरवडा, छिद्रे तारेने मोकळी करा आणि पॉट उजेडासमोर धरून पाहा. बुजलेले छिद्र लगेच दिसते. पॉट परत बसवताना कडेखाली राख राहू देऊ नका, कारण तो नीट टेकला नाही तर हवा छिद्रांतून न येता कडेने निसटते. माझ्या मते रोजच्या सफाईत हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे.

उत्तर २
तो दगडी थर म्हणजे वितळून गोठलेली राख होय. पेलेटमध्ये झाडाची साल किंवा वाळूचा अंश अधिक असला की तो लवकर धरतो, त्यामुळे एकदा वेगळ्या प्रतीचे पेलेट वापरून पाहावेत. युरोपातील ईएनप्लस मानकानुसार ए१ दर्जाच्या पेलेटमध्ये राख जास्तीत जास्त ०.७ टक्के, तर ए२ मध्ये १.२ टक्के चालते. पॉट स्वच्छ करूनही ज्योत सुधारली नाही, तर राख धूर ओढणाऱ्या पंख्यात आणि धुराड्यात साचलेली असू शकते. ती सफाई वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून करून घ्यावी. स्टोव्हच्या दाराच्या कडेने हवा अडवण्यासाठी लावलेली दोरी सैल झाली आहे का, हेही तपासावे: दारात कागद अडकवून ओढल्यास तो सहज निघता कामा नये.

उत्तर ३
राख लगेच कचऱ्यात मुळीच टाकू नका. वरून थंड वाटणाऱ्या राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. ती घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून डबा घराबाहेर, लाकडी जमीन आणि भिंतीपासून दूर ठेवावा. साधा व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नये, कारण एखादा निखारा त्याची पिशवी पेटवू शकतो आणि बारीक राख त्यातून निसटून खोलीभर पसरते. राखेसाठीच बनवलेला व्हॅक्यूम घ्यावा आणि तोही थंड राखेवरच चालवावा. धुराडे तुंबल्यास कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याचा धोका असतो, म्हणून त्याचा इशारा देणारे यंत्र अवश्य बसवा.