थंडीचे दोन-तीन महिने कॅम्पर गाडीत राहून कोकणात काढायचे आहेत, पुण्यातून कोणी केलंय का?

पाषाणची_काकू

नमस्कार मंडळी, इथे एरवी नुसती वाचत असते, आज विचारायला आले. आम्ही दोघंच पाषाणला राहतो, दोघंही रिटायर्ड, मुलगी बाहेरगावी. यांना दमा आहे, वर्षभर तसं बरं असतं पण दिवाळी झाली की पहाटेचा खोकला सुरू होतो तो पार शिवरात्रीपर्यंत. आमच्याकडे टेकडीच्या कडेला गारठा जास्त, शिवाजीनगरला १२ म्हणतात तेव्हा इकडे ९-१० असतं, आणि सकाळी तो धूर-धुळीचा थर खालीच बसून राहतो. डॉक्टर म्हणाले पंप-औषधं चालूच ठेवा पण जमत असेल तर हे दोन-तीन महिने खाली समुद्राकडे काढा, बरं वाटेल.

आता एवढे दिवस कोणा नातेवाईकांकडे राहणं बरं नाही, हॉटेल परवडत नाही आणि रोजचं बाहेरचं तेलकट यांना चालत नाही. हे बघतात ते अमेरिकेतल्या म्हाताऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ, अख्खं घर गाडीत घेऊन हिवाळाभर ॲरिझोनाला जाऊन राहतात ते, आणि आता यांनी मनावर घेतलंय की एक जुनी ट्रॅव्हलर (ती मिनीबससारखी गाडी) घ्यायची, आत पलंग-ओटा करून घ्यायचा आणि जानेवारी-फेब्रुवारी गुहागर ते वेंगुर्ला असं हळूहळू फिरत राहायचं. गाडी हे उत्तम चालवतात, ती काळजी नाही. मला काळजी आहे ती पाणी, संडास, रात्री गाडी लावायची कुठे, आणि पोलीस-आरटीओ काही बोलतील का याची. विकत घ्यावी की आधी भाड्याने? आणि या वयात हे करावं का, खरं सांगा, मला मनापासून जायचंय.

धायरीचा_ट्रॅव्हलरवाला

काकू, करावं, नक्की करावं. आमची गाडी आहे, बायको-मुलगा आणि मी थंडीत कोकणातच असतो जमेल तेवढं, त्यामुळे अनुभवावरून सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे गाडी नंतर, जागा आधी. सगळे उलटं करतात, गाडीवर पैसे घालतात आणि मग रोज संध्याकाळी आज कुठे लावायची म्हणून हिंडत बसतात. गुहागर ते वेंगुर्ला फिरत राहायचं म्हणताय ते आठ दिवसांच्या ट्रिपला ठीक, दोन महिने दम्याच्या माणसाला घेऊन रोज जागा बदलायची नाही. दोन गावं धरा, फार तर तीन. एखाद्या घरगुती होमस्टेवाल्याशी बोलून त्याच्या वाडीत कोपऱ्यात गाडी लावायची महिन्याच्या बोलीवर, त्यांचं पाणी, त्यांची वीज, त्यांचं बाहेरचं बाथरूम. खोलीपेक्षा पुष्कळ कमीत होतं कारण त्यांची खोली अडत नाही. स्वयंपाक तुमचा तुम्ही करा, आणि मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडचं ताट सांगा, त्यांनाही बरं वाटतं.

पाण्याचं गणित सांगतो. गाडीत १०० लिटरची टाकी बसते, म्हणजे १०० किलो वजन. दोघांची बादलीतली आंघोळ, भांडी, चहा-पाणी धरून कितीही जपून वापरलं तरी दिवसाला ४०-५० लिटर जातंच, म्हणजे दर दोन दिवसांनी टाकी भरायची. म्हणून विहीर किंवा नळ जवळ असलेली जागाच हवी. संडासासाठी पोर्टेबल कॅसेट येते, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करता येते असा छोटा संडास, ती टाकी साधारण २० लिटरची, दोघांनी रोज वापरली तर तीन दिवसांत भरते. माझा सल्ला, दिवसा घरमालकाचा संडास वापरा आणि कॅसेट फक्त रात्रीपुरती ठेवा, काकांना रात्री अंधारात अंगणातून चालत जायला लागू नये म्हणून. आणि कॅसेटमध्ये टाकायचं केमिकल घेताना फॉर्मल्डिहाइडवालं घेऊ नका. कोकणात घरोघरी सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा असतो, त्यातले जिवाणू त्या केमिकलने मरतात आणि मग टँक तुंबतो. कोणाच्या दारात राहून त्याचा टँक बिघडवायचा नाही.

वीज. छतावर २००-२०० वॅटची दोन पॅनल असतील तर जानेवारीत दिवसाला दीड युनिटच्या आसपास मिळते, पंखा, दिवे, मोबाईल आणि छोटा १२ व्होल्टचा फ्रीज यात आरामात चालतो. इंडक्शन आणि एसी मात्र विसरा, त्याला घरमालकाची वीजच लागते. आणि इथेच एक गोची आहे, गाडी उन्हात लावली तर वीज मिळते पण आत भट्टी होते, सावलीत लावली तर गार राहते पण पॅनल झोपतात. आम्ही एक सुटं पॅनल लांब वायरवर उन्हात ठेवतो आणि गाडी सावलीत. सावली म्हणजे आंबा, फणस, चिंच काहीही चालेल, नारळ नको!! नारळाखाली गाडी लावायचीच नाही, एक नारळ पडला की पॅनल फुटलंच आणि तेव्हा माणूस बाहेर खुर्ची टाकून बसलेला असेल तर विचारूच नका. लावायच्या आधी मान वर करून बघा, झावळी वाळून लोंबत असेल तर तिथून हला.

घरमालकाकडून वीज घेणार असाल तर सबमीटर लावा, दोघांनाही बरं, युनिटप्रमाणे पैसे दिले की कोणाच्या मनात काही राहत नाही. प्लग लावायच्या आधी छोटे दिवे असतात ना तो अर्थिंग टेस्टर लावून बघा, जुन्या घरात अर्थिंग नसतंच बऱ्याचदा आणि गाडीची बॉडी पत्र्याची असते, शॉक बसायचा.

आणि हो, आधी भाड्याने. आठवडाभर, एकाच गावात, आणि तेही स्वतः स्वयंपाक करून. हॉटेलात जेवून भाड्याची गाडी फिरवली तर काहीच कळत नाही.

वेताळटेकडी_रोज

आरटीओचा भाग मी सांगते कारण यात लोक फार ढिलाई करतात. जुनी पॅसेंजर ट्रॅव्हलर घेऊन सीट काढून पलंग बसवला आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) तशीच ठेवली तर ते चालत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची असेल तर परवानगी लागते. आपल्याकडे खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नॉन-ट्रान्सपोर्ट (म्हणजे धंद्याच्या नसलेल्या) गाड्यांच्या यादीत धरलेला प्रकार आहे, २००४ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे, आणि अशा गाड्यांच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे स्टँडर्ड आहे. ते काढणारी एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था इथेच आपल्या टेकडीवर आहे. तेव्हा कन्व्हर्जन करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की आरसीवर शेवटी काय लिहून येणार, आणि तोंडी सांगितलेलं धरू नका, त्याने आधी केलेल्या एखाद्या गाडीची आरसी दाखवायला सांगा. इन्शुरन्सवाल्यांनाही बदल कळवायचा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो.

लायसन्सची चिंता नको, एलएमव्हीवर, म्हणजे नेहमीच्या कारच्या लायसन्सवर, ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्या चालवता येतात, ट्रॅव्हलर त्याच्या आतच बसते. फक्त काकांचं लायसन्स कधी संपतंय ते बघा, या वयात पाच वर्षांचंच रिन्यू होतं आणि त्याला डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको.

खाली गोव्यात उतरणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड ठेवला तेव्हा एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० होता, नंतर तो वाढवलाय. गाडीबाहेर शेगडी मांडून बसायचं नाही. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण २०२१ ला आलंय, पण त्यावरून जागोजागी तयार पार्क मिळतील असं धरून निघू नका, वरती म्हटलंय तसं घरगुती जागाच शोधा.

मूळचा_सदाशिवपेठी

काकांनी बघितलेले व्हिडिओ ज्या लोकांचे असतात तसे माझे शेजारी आहेत, मी मिनेसोटात असतो, म्हणून थोडं तिकडचं सांगतो. इथे जानेवारीत रात्री उणे १५ म्हणजे रोजचंच, त्यामुळे रिटायर्ड लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरला घराचं पाणी बंद करून पाईप रिकामे करतात आणि दक्षिणेकडे निघतात ते एप्रिललाच परत. त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात. बरेच कॅनेडियनही असतात, ते सहा महिन्यांच्या हिशेबानेच येतात. टेक्सासच्या दक्षिण टोकाला जाणाऱ्यांना तर विंटर टेक्सन असंच नाव पडलंय.

आता त्यात शिकण्यासारखं काय तर हे लोक फिरत नाहीत! व्हिडिओत रोज नवा सूर्यास्त दिसतो पण माझे शेजारी एकदा ॲरिझोनाला पोचले की तळ ठोकतात. क्वार्टझाइट म्हणून वाळवंटातलं छोटं गाव आहे, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ, तिथल्या सरकारी जमिनीवर हिवाळ्यात गाड्याच गाड्या. त्या जमिनीचा नियम बघा, साध्या ठिकाणी फुकट राहता येतं पण २८ दिवसांत १४ दिवसच, मग हलायचं. ज्यांना हलायचं नाही त्यांच्यासाठी वेगळ्या जागा ठेवल्यात, लाँग टर्म व्हिजिटर एरिया, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, अख्ख्या सीझनचा पास १८० डॉलरचा होता बरीच वर्षं. तिथे पाणी भरायची आणि घाण पाणी ओतायची सोय जवळच असते. पासचे पैसे लोक त्या सोयीसाठी आणि एका जागी राहता येतं म्हणून देतात. म्हणजे जे धायरीवाले म्हणतायत तेच, फक्त इथे सरकारने ती जागा करून दिलीय आणि आपल्याकडे ती वाडीवाल्याशी बोलून करायची.

आणि एक महत्त्वाचं, तिथे एकमेकांना धरून राहतात. सत्तरीतली माणसं एकटी दिसली तरी शेजारचा सकाळी एकदा डोकावतोच, गाडीचं दार उघडलं नाही तर ठोठावतो. काकू, तुम्हीही वाडीत माणसं राहतात अशीच जागा घ्या, समुद्र लांब असला तरी चालेल पण घर हाकेच्या अंतरावर हवं.

बाकी व्हिडिओतल्या हीटर आणि डिझेल भट्ट्यांवर पैसे घालू नका, ते या लोकांना वाळवंटातल्या ४-५ डिग्रीच्या रात्रींसाठी लागतं. कोकणात जानेवारीतही रात्री १८-२० असतं. ते पैसे चांगल्या मच्छरदाणीच्या जाळ्या आणि छतातल्या एक्झॉस्ट फॅनवर घाला.

कट्ट्यावरचा_मालवणी

मी मूळचा मालवण तालुक्यातला, आता सिंहगड रोडला. काकू, २४ डिसेंबर ते २ जानेवारी अजिबात खाली जाऊ नका, तारकर्ली-मालवणात पाय ठेवायला जागा नसते. पहिला आठवडा गेल्यावर निघा. आंगणेवाडीची जत्रा साधारण फेब्रुवारीत असते, तारीख देवीच्या कौलाने ठरते, त्या दोन-तीन दिवसांत मसुऱ्याच्या बाजूला गाडी अडकवू नका, दर्शनाला जायचं तर गाडी ठेवून जा. फेब्रुवारी अर्धा झाला की जमिनीकडून वारा सुटतो आणि एकेका दिवशी पारा ३७ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या गाडीत दुपारी बसवत नाही. तो तुमचा परत फिरायचा मुहूर्त समजा.

दम्याचं म्हणाल तर थंडी नाही हे खरं, पण दमट आहे. गाडीच्या गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते, ती दम्याला वाईट. गादीखाली फळ्या सलग नको, पट्ट्या-पट्ट्यांच्या करून घ्या म्हणजे हवा खेळेल, आणि रोज सकाळी गादी उभी करून ठेवा. दुसरं, जागा ठरवताना पहाटे एकदा जाऊन उभे राहा. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटते, पातेरा म्हणजे वाळका पाला जाळतात, आणि जानेवारीनंतर शेतात भाजावळही (पालापाचोळा टाकून जमीन भाजणं) सुरू होते. धूर कुठल्या बाजूला वाहतो ते बघून गाडी कुठे लावायची ते ठरवा, घरमालकाला सांगितलंत तर तो पातेरा लांब जाळेल, माणसं ऐकतात.

किनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवू नका, भरतीच्या आत निघाली नाही तर गेली. खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा गंजतो, आठवड्यातून एकदा विहिरीच्या पाण्याने खालून धुवा. दवाखान्याचं म्हणाल तर सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आणि मोठं काही झालं तर आमच्याकडची माणसं बांबोळीला गोवा मेडिकललाच नेतात. म्हणून कुडाळ-वेंगुर्ला पट्टा तुम्हाला सोयीचा, हायवे जवळ.

पाषाणची_काकू

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जागा आधी हे पटलं. डिसेंबरच्या मध्यावर भाड्याची गाडी घेऊन आठवडाभर वेंगुर्ल्याकडे जाऊन येतो आणि तेव्हाच दोन-चार वाड्या बघून ठेवतो. अजून एक विचारते, यांचं नेब्युलायझर रात्री लागलं तर बॅटरीवर चालेल का? आणि गॅस गाडीत ठेवायला मला भीती वाटते.

धायरीचा_ट्रॅव्हलरवाला

नेब्युलायझर चालेल काकू, टेबलावरचं कॉम्प्रेसरवालं साधारण १००-१५० वॅट घेतं आणि दहा-पंधरा मिनिटंच लावायचं असतं, बॅटरीला ते काहीच नाही. फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह घ्या आणि भाड्याच्या गाडीत पहिल्या दिवशी दुपारीच लावून बघा, रात्री गरज पडल्यावर नाही. जोडीला चार्जिंगवालं छोटं मेश नेब्युलायझर ठेवलंत तर वीज गेली तरी प्रश्न नाही, डॉक्टरांना विचारून घ्या कुठलं औषध त्यात चालतं ते.

गॅससाठी घरातला १४.२ किलोचा सिलेंडर गाडीत न्यायचा नाही, ५ किलोचा छोटा मिळतो तोच, तोही उभा, पट्ट्याने बांधून. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच आणि अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, छताला लावून उपयोग नाही. भाड्याच्या गाडीत चढल्यावर हे दोन्ही स्वतः वाकून बघा, नसेल तर ती गाडी घेऊ नका. आणि तुम्हाला भीतीच वाटत असेल तर वाडीत घरमालकाच्या विजेवर इंडक्शन लावा, दोघांच्या भात-आमटीला अर्धा तास पुरतो, गॅस न्यायचीच गरज नाही. वेंगुर्ल्याजवळ शिरोडा-वेळागरच्या बाजूला आमच्या ओळखीची एक वाडी आहे, विहीर आहे, माणसं चांगली आहेत, हवी असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देतो.